धुराला कामाला लावणारा अभियंता : आल्फ्रेड ब्यूखी

नागपूरहून रायपूर-कोलकात्याकडे जाणाऱ्या मालमोटारी भंडारा शहर मागे टाकून कारध्याजवळ वैनगंगा ओलांडीत, हा कित्येक दशकांचा परिपाठ. तांदळाची पोती, पोलादी सळया, कोळसा, यंत्रांचे सुटे भाग असे वाटेल ते लादलेली गाडी पुलाच्या चढाला लागली, की इंजिनाच्या घरघरीत मिसळलेली एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येते. पुढे साकोलीच्या वाटेवर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना असल्यामुळे या परिसराला मालमोटारींचे अंतरंग तसे परके नाही. ही शीळ टर्बोची, हे तेथील कोणताही मिस्त्री डोळे मिटून सांगेल. मात्र ती प्रथम ज्याच्या डोक्यात वाजली, त्या आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याचे नाव विचारले तर भलेभले अडखळतील. डिझेलचे नाव इंधनालाच चिकटले आणि ते घरोघरी पोचले. त्याच डिझेलच्या इंजिनाची ताकद वाढवणारा हा माणूस मात्र अभियांत्रिकीच्या ग्रंथांपलीकडे फारसा गेला नाही.

स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या उद्यमनगरीत ११ जुलै १८७९ रोजी ब्यूखी यांचा जन्म झाला. वडील त्या गावच्या प्रसिद्ध सुल्झर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. योगायोग असा, की त्याच १८७९ साली रुडॉल्फ डिझेल नावाचा एक तरुण विषमज्वरामुळे म्युनिकची अंतिम परीक्षा हुकल्याने अनुभव घेण्यासाठी याच सुल्झर कारखान्यात उमेदवारी करीत होता. पुढे डिझेलने आपले इंजिन सिद्ध केले आणि सुल्झरने त्याच्याशी केलेल्या करारानुसार १८९८ मध्ये आपले पहिले डिझेल इंजिन तयार केले. ब्यूखी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून १९०३ साली यंत्र-अभियंता होऊन ते बाहेर पडले आणि प्रथम बेल्जियम व इंग्लंडमध्ये कामाला लागले. बेल्जियममधील गेंट शहरी कारेल्स बंधूंचा कारखाना डिझेल इंजिने बांधीत असे. नव्या इंजिनाचे गुण आणि अवगुण या तरुणाने तेथे जवळून पाहिले.

त्याला सर्वांत खुपला तो अवगुण म्हणजे उधळपट्टीचा. इंजिनात जळणाऱ्या तेलातील ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेल्यापैकी बराच भाग थंड करणाऱ्या पाण्यातून जातो आणि तेवढाच मोठा भाग तापलेल्या, वेगाने सुटणाऱ्या धुराच्या रूपाने नळीवाटे आकाशात. दुसरीकडे इंजिनाची ताकद मर्यादित होती ती तेलाच्या अभावी नव्हे, तर हवेच्या अभावी. सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल तितकेच तेल नीट जळणार. हवा वाढवायची तर सिलिंडर मोठा करा, म्हणजे पुन्हा वजन आले, जागा आली, खर्च आला. ब्यूखी यांनी या दोन अडचणींची गाठ एकमेकींशी घातली. बाहेर पडणाऱ्या धुराने एक टर्बाइन फिरवावे आणि त्या टर्बाइनच्या जोरावर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबावी. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी जर्मनीत अर्ज दाखल केला. वय अवघे सव्वीस. त्या मूळ आराखड्यात इंजिन, हवा दाबणारे यंत्र आणि टर्बाइन ही तिन्ही एकाच आसावर बसवलेली होती. इंजिनापासून सुटा, स्वतःच्या गतीने फिरणारा आजचा टर्बो नंतर साकारला. बीज मात्र तेच.

येथपर्यंतची कथा झटपट यशाची वाटते. परंतु त्यानंतर तब्बल वीस वर्षे ब्यूखी यांच्या पदरी यश पडले नाही आणि त्यांच्या चरित्राचे खरे मर्म या वीस वर्षांत आहे. स्वित्झर्लंडला परतून ते सुल्झरमध्ये काम करू लागले आणि १९११ पासून तेथे प्रयोग सुरू झाले. कागदावर चोख असलेली रचना चाचणीच्या बाकावर मात्र रुसून बसे. कारण समजून घेण्यासारखे आहे. समजा, टर्बाइनला मिळालेल्या ऊर्जेपैकी ६० टक्केच आसापर्यंत पोचते आणि हवा दाबणारे चाकही त्यातील ६० टक्केच सत्कारणी लावते. मग हाती किती उरले? ६० टक्क्यांचे ६० टक्के, म्हणजे अवघे ३६. इतक्या तुटपुंज्या कमाईवर हवेचा दाब वाढवायचा तर धुराच्या वाटेत मोठा अडसर उभा करावा लागतो. तो अडसर आत येणाऱ्या हवेच्या दाबाहून वरचढ झाला, की जळका वायू सिलिंडरमधून बाहेर पडण्याऐवजी आतच रेंगाळतो. ताकद वाढवायला निघालेले यंत्र इंजिनाचाच श्वास कोंडते. त्यात भर म्हणून लालबुंद तापलेल्या वायूत वर्षानुवर्षे फिरेल असे पोलाद त्या काळी दुर्मीळ होते. टर्बाइन आणि कंप्रेसर बांधण्यात निष्णात अशा ब्राउन बोव्हेरी या बाडेनच्या कंपनीकडे ब्यूखी यांनी १९१५ च्या सुमारास आपली योजना नेली. त्या मंडळींची खात्री पटली नाही. ज्यांनी ते यंत्र बनवायचे त्यांनाच ते चालेल असे वाटत नव्हते.

दरम्यान महायुद्ध पेटले आणि विमाने उंच उडू लागली. उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिन दुबळे. फ्रान्समध्ये ओग्युस्त राटो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी याच तत्त्वाचा आधार घेतला. मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी विमानाचे इंजिन कोलोराडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर चढवून तेथे टर्बोची परीक्षा घेतली. जमिनीवर जेवढी ताकद, जवळजवळ तेवढीच तेथेही मिळाली. ब्यूखी यांना मात्र विरळ हवेची भरपाई नको होती. त्यांना समुद्रसपाटीवरच्या, रोज राबणाऱ्या अवजड इंजिनातून अधिक काम हवे होते. हा हट्ट वरवर किरकोळ दिसतो, पण अडचण याच बाजूला अधिक होती. लढाऊ विमानाचे इंजिन काही शे तास टिकले तरी भागते. जहाजाच्या इंजिनाला वर्षानुवर्षे चालावे लागते.

अखेर दिवस फिरले. जून १९२४ मध्ये ब्राउन बोव्हेरीच्या बाडेन येथील कारखान्यातून अवजड इंजिनासाठी बांधलेला पहिला टर्बोचार्जर बाहेर पडला. तो विंटरथूरच्याच स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्स या कारखान्यातील प्रायोगिक इंजिनासाठी होता. जगाचे डोळे उघडले ते मात्र दोन जर्मन प्रवासी जहाजांमुळे. पहिल्या महायुद्धानंतरच्या फेररचनेत पूर्व प्रशिया हा प्रांत उर्वरित जर्मनीपासून तुटला होता आणि त्याला जोडणारी बाल्टिक समुद्रातील बोटसेवा जर्मनीने सुरू केली होती. तिच्यासाठी श्टेटिनच्या गोदीत 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' ही जहाजे बांधली गेली. त्यांतील दहा सिलिंडरच्या मान कंपनीच्या डिझेल इंजिनांना ब्यूखी यांच्या देखरेखीखाली तयार झालेले टर्बो जोडण्यात आले. मूळ १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. वाढ जवळजवळ ४३ टक्क्यांची. १९२६ साली ही जहाजे समुद्रात फिरू लागली, तेव्हा पेटंटाच्या अर्जाला एकवीस वर्षे झाली होती आणि ब्यूखी सत्तेचाळिशीला टेकले होते. ती दोन्ही जहाजे ९ जुलै १९४१ रोजी स्वीडनच्या ओलांड बेटानजीक सुरुंगक्षेत्रात शिरून एकाच दिवशी बुडाली, ही इतिहासाची एक विचित्र गंमत.

जहाजे तयार होत असतानाच ब्यूखी यांनी आपल्या आयुष्यातील दुसरी मोठी गोष्ट केली आणि जाणकारांच्या दृष्टीने ती पहिलीपेक्षाही मोलाची आहे. सिलिंडरची झडप उघडताच धूर संथपणे वाहत नाही. तो धक्क्याने, उसळी मारून बाहेर पडतो. सर्व सिलिंडरांचा धूर एकाच मोठ्या नळीत सोडला तर या उसळीची ऊर्जा विरून जाते. त्याहून वाईट म्हणजे एका सिलिंडरची उसळी शेजारच्या, नेमक्या त्याच वेळी रिकाम्या होणाऱ्या सिलिंडरच्या तोंडावर आदळते. ३० नोव्हेंबर १९२५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये दाखल केलेल्या पेटंटात ब्यूखी यांनी यावर उपाय सुचवला. ज्यांच्या उसळ्या एकमेकींना आडव्या येणार नाहीत अशा सिलिंडरांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाची स्वतंत्र, अरुंद नळी टर्बाइनपर्यंत न्यावी. दोन उसळ्यांच्या मधल्या शांत क्षणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही झडपा थोडा वेळ एकदम उघड्या ठेवाव्यात, म्हणजे दाबाखालची ताजी हवा उरलासुरला धूर झाडून काढील आणि सिलिंडर थंडही करील. वीस वर्षांचा श्वास कोंडणारा पेच असा सुटला. १९२६ मध्ये ब्यूखी, ब्राउन बोव्हेरी आणि स्विस लोकोमोटिव्ह या तिघांनी मिळून एक संघ स्थापन केला. अभियांत्रिकी आणि ग्राहकांशी व्यवहार ब्यूखी यांच्याकडे, टर्बो बांधणे ब्राउन बोव्हेरीकडे आणि चाचण्यांसाठी इंजिने तिसऱ्याकडे. एकेकाळी ज्यांनी नकार दिला होता, तेच आता भागीदार झाले.

शंभर वर्षांपूर्वीच्या या पेटंटाचा आजच्या रस्त्यावरील गाडीशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. आज ट्विन-स्क्रोल या नावाने जो टर्बो मोटारींच्या जाहिरातींत मिरवला जातो, तो ब्यूखी यांच्या विभागलेल्या नळ्यांचाच वारस होय. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला व चौथा एका वाटेने, दुसरा व तिसरा दुसऱ्या वाटेने, ही जोडी त्याच हिशेबाने पाडलेली असते. केवळ एवढेच नव्हे. जो प्रश्न ब्यूखी यांना वीस वर्षे छळत राहिला, तो म्हणजे टर्बो आणि इंजिन यांचा जोडा जमवण्याचा. आपल्या स्पोर्ट्स कारमधील मूळ टर्बो काढून मोठा बसवू पाहणाऱ्या हौशी तरुणापुढे आज अगदी तोच प्रश्न उभा असतो. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतून ही हौस चांगलीच फोफावली आहे. तिच्यात पैसा जातो, क्वचित इंजिनही जाते. ब्यूखी यांचे काम समजून घेतले तर निदान दुसरे टाळता येईल.

उदाहरण हाताशी आहे. २००४ साली भारतात आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ही टर्बो असलेल्या पेट्रोल मोटारींची येथील सुरुवातीची मानकरी. तिच्या १.८ लिटर इंजिनाला के०३ हा छोटा टर्बो होता. १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटरचा पीळ, तोही १,७५० फेऱ्यांपासून. याच जातीचे इंजिन औडीच्या टीटी या स्पोर्ट्स कारमध्ये के०४ या मोठ्या टर्बोसह २२५ अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटर देई. मात्र तो पीळ २,२०० फेऱ्यांवर सुरू होई. आकडे पाहून कोणीही के०४ कडे धावेल. परंतु टीटीला त्यासाठी एकाऐवजी दोन इंटरकूलर आणि पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर द्यावे लागले, हे विसरून चालत नाही. कारखान्याने सगळी बैठकच बदलली होती. नुसता टर्बो बदलला नव्हता.

हिशेब मुळात हवेचा आहे. १.८ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर स्वतःच्या दमाने साधारण साडेपाच किलो हवा ओढते. एका मिनिटाला एक किलो हवा म्हणजे ढोबळमानाने २२ अश्वशक्ती, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे टर्बोविना सव्वाशेच्या आसपास. २१५ अश्वशक्ती हवी असेल तर सुमारे पावणेदहा किलो हवा कोंबली पाहिजे आणि त्यासाठी दाब जवळपास दुप्पट करावा लागतो. टर्बो बनवणारे प्रत्येक नमुन्यासोबत एक नकाशा देतात. आडव्या रेषेवर हवेचा ओघ, उभ्या रेषेवर दाबाचे गुणोत्तर आणि मध्ये डोंगराच्या समोच्च रेषांसारखी कार्यक्षमतेची वर्तुळे. इंजिनाची नित्याची चाल या नकाशाच्या मधोमध पडली पाहिजे. टर्बो गरजेपेक्षा मोठा असला, तर कमी फेऱ्यांवर हवा उलट फिरते, टर्बो धापा टाकू लागतो आणि त्याच्या बेअरिंगना हादरे बसतात. गरजेपेक्षा लहान असला, तर वरच्या फेऱ्यांवर तो नुसताच गरगरतो आणि हवेऐवजी उष्णता वाढवतो.

उष्णतेचा मुद्दा विदर्भात तर फारच महत्त्वाचा. मे महिन्यातील ४५ अंशांची हवा युरोपातील १५ अंशांच्या हवेपेक्षा मुळातच सुमारे ९ टक्के विरळ असते. तिचा दाब दुप्पट केला आणि कंप्रेसर ७० टक्के कार्यक्षम असला, तरी ती जवळपास १४५ अंशांवर पोचते. कार्यक्षमता ६० टक्के असेल तर १६० च्या वर. अशी हवा इंटरकूलरने पुरेशी निववली नाही, तर पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेट घेते. इंजिनातून खडखड आवाज येतो आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. थंड देशात कोणीतरी यशस्वी केलेली जुळणी कारधा-साकोलीच्या उन्हात तशीच चालेल, हा भ्रम होय.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. फिरणाऱ्या चाकाचा आकार तसाच ठेवून व्यास वाढवला, तर गती घेण्यास विरोध करणारे त्याचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. म्हणजे व्यास अवघा १० टक्क्यांनी वाढला तरी जडत्व सुमारे ६१ टक्क्यांनी वाढते. ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर गाडी जो क्षणभर ढिम्म राहते आणि मग एकदम उसळते, त्याचे मूळ येथे आहे. शर्यतीच्या मैदानावर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर असते, तेथे हे खपून जाते. शहरातील रहदारीत गाडी बहुतेक वेळ ३,००० फेऱ्यांच्या खालीच धावते. तेथे कागदावर ७५ अश्वशक्ती अधिक असलेली गाडी प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा मंद भासू शकते. कायद्याचा अडसर वेगळाच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात परस्पर बदल करण्यास मनाई आहे. त्यामुळे मोठ्या टर्बोची गाडी विमा आणि नोंदणी यांच्या दृष्टीने अडचणीत येऊ शकते.

ब्यूखी यांनी अशा हौशी मोटारी पाहिल्या नाहीत. त्यांच्या हयातीत टर्बोचा प्रवास मोठ्याकडून लहानाकडे होत गेला. जहाजे, वीजनिर्मितीची इंजिने, रेल्वे आणि मग १९३८ साली स्वित्झर्लंडच्याच झाउरर कंपनीने मालमोटारीच्या डिझेल इंजिनाला टर्बो बसवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची उंच उडणारी बॉम्बफेकी विमाने याच तत्त्वावर श्वास घेत होती. १९५२ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्सची टर्बो लावलेली डिझेल मोटार सर्वांच्या पुढे उभी राहण्याचा मान मिळवून गेली. शर्यतीत मात्र टायरांच्या रबराचा कचरा हवेच्या वाटेत अडकून टर्बो घुसमटला आणि तिला माघार घ्यावी लागली. भारतात डिझेल मालमोटारींना टर्बो सर्रास लागू लागला तो फार उशिरा, धुराविषयीचे नियम कडक होत गेले तेव्हा.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ऐंशिव्या वर्षी ब्यूखी यांचे विंटरथूर येथेच निधन झाले. त्यानंतर तिसऱ्या वर्षी, १९६२ साली, अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी मोटारी विक्रीस आल्या. जेटफायरमध्ये इंजिनाची खडखड रोखण्यासाठी पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत आणि मग ताकद गुल. कंटाळून कित्येकांनी कंपनीच्याच सूचनेवरून टर्बो काढून टाकला. १९७३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोची ताकद एवढी अवचित उसळे, की चालकाची भंबेरी उडावी. रस्त्यावरच्या गाडीसाठी या प्रश्नाचे शहाणपणाचे उत्तर दिले ते स्वीडनच्या साबने. स्कॅनिया ही टर्बो डिझेल मालमोटारी बांधणारी कंपनी १९६९ पासून तिच्या घरात आली होती आणि तिचा अनुभव हाताशी होता. साबच्या अभियंत्यांनी मोठा टर्बो निवडलाच नाही. खालच्या फेऱ्यांवरच जागा होणारा लहान टर्बो घेतला आणि दाब वाजवीपेक्षा वाढू लागला, की जादा धूर परस्पर बाहेर सोडणारी झडप त्याला जोडली. १९७८ मध्ये विक्रीस आलेल्या त्या साब ९९ टर्बोची ताकद तिच्या टर्बोविना असलेल्या भावंडाच्या ११८ अश्वशक्तींवरून १४५ वर गेली होती.